तीन बोटं

३ ऑगस्ट
नवं हॉस्पिटल, नवी खुर्ची आणि तपासणीच्या खोलीला चक्क खिडकी! मी भूल देणारा डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्या पेशंटांना तपासायचं हे माझं काम. भूल दिल्यावर श्वासनळीत नळी घालावी लागते. ती गेली नाही तर चार-पाच मिनिटांत खेळ खलास. म्हणून आधीच बघायचं: मान मागे वळते का, कवळी आहे का, उघडलेल्या तोंडात तीन बोटं उभी मावतात का. लोक नवल वाटलं की तोंडात बोट घालतात, आम्ही पोटासाठी. खरं सांगायचं तर मी घालतच नाही. चेहरा पाहिला की कळतं. 'तीन बोटं' लिहून मोकळा. आज तासाभरात चौदा उरकले. सिस्टरनी नाक मुरडलं.

४ ऑगस्ट
दुपारी स्टुलावर एक आजी येऊन बसल्या. हातात कागद नाही, तोंडाचं बोळकं, ओठ घट्ट. आ करा म्हटलं तर नुसत्या बघत राहिल्या. मी सवयीने 'तीन बोटं' लिहिलं. मान वर केली तर स्टूल रिकामं. सिस्टर म्हणाल्या, चहानंतर कोणी आलेलंच नाही.

५ ऑगस्ट
ओळखलं. जुन्या हॉस्पिटलातल्या, खुब्याच्या ऑपरेशनच्या आजी. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. मी न बघता तीन लिहिलं होतं. नळी गेली नाही. त्या टेबलावरच गेल्या. त्यांच्या मुलाला सांगितलं, वयच झालं होतं. कागद चोख, त्यामुळे कोणी जाब विचारला नाही.
आज त्या बोलल्या. "माझं राहू दे, बाळा. तू आ कर."
त्यांची तीन बोटं माझ्या तोंडात आरामात मावली. गार होती.

६ ऑगस्ट
सकाळी ब्रश आत जाईना. दोन बोटं. दातांचा डॉक्टर म्हणतो, जबड्यात काही दोष नाही.

७ ऑगस्ट
दीड बोट. आजींच्या मुलाला फोन करून सगळं कबूल केलं. तो रडला, मग माफ केलं म्हणाला. वाटलं, सुटलो. आजी स्टुलावर होत्याच.
"त्याने केलं असेल. श्वास माझा गेला."

९ ऑगस्ट, सकाळ
दातखीळ. आत गळू झालंय, घसा सुजलाय. आजच कापणार, पूर्ण भूल देऊन. मला मरायची भीती वाटते.
भूल देणारा नवा डॉक्टर दारातूनच बघून गेला. कागदावर काहीतरी लिहिलं —
न्यायला आलेत. बोलता येत नाही. सिस्टरना लिहूनच दाखवतो —
माझं तोंड तीन बोटं उघडतं.
नाही. चुकलं. पुन्हा —
माझं तोंड तीन बोटं —
हात कोणी धरलेला नाही. माझाच आहे. सवयीने —
सिस्टरनी पहिलीच ओळ वाचली. मान डोलावली. ढकलतायत. सिस्टर, पुढचं वाचा, माझं तोंड ती