जळत्या शहरातून मागितलेली शाळा

ॲन आर्बर, रविवार संध्याकाळ

कोमट पाण्यात दोरीने पुडी बुडवून त्याला चहा म्हणणे हा अधर्म आहे, याची येथे नोंद असावी. लायब्ररीत ज्यू थोरांची चरित्रं सांगणाऱ्या, मूळच्या अलिबागच्या बेने इस्राएल रिबेकामावशींकडे तक्रार केली. म्हणाल्या, "चहा राहू दे, शास्त्रीबुवा, गोष्ट ऐक."

जेरुसलेम पडत असताना एका म्हाताऱ्या ज्यू गुरूने शत्रूकडे मागितली ती फक्त एक शाळा. शहर जळालं, पण त्या शाळेतून विद्या पुढच्या पिढीच्या हाती गेली.

मग मावशींनी सहज विचारलं, "तुझी लेक शिकली का रे संस्कृत?"

तो भयंकर चहा एका घोटात संपवला. मला वडिलांनी रोज पहाटे संस्कृतची संथा दिली. माझं तर शहरही जळलं नाही, तरी लेकीला मी एक श्लोक दिला नाही. ऑगस्टमध्ये ती घर सोडून कॉलेजला जाईल. उशीर झालाय, याचीच भीती वाटते.