एका दुपारच्या प्रवेशाबाबत

प्रति,
मा. संचालक,
विभागीय महासंगणन केंद्र, पेण, जि. रायगड.

विषय : श्रीमती विमल कडू, माजी साहाय्यक अभियंता, यांना एका दुपारपुरता केंद्रात प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : 'यंत्र सुरळीत चालू आहे' असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार रोह्याच्या महाविद्यालयात खाडीच्या पाण्याचा अभ्यास करतो. उधाणाचे पाणी कुंडलिका नदीतून कुठवर चढेल, याचे गणित आपल्या महासंगणकावर चालते. यंत्र एका कामाला तीनच दिवस देते, मग ते थांबवते. पूर्वी थांबण्याआधी गणित जतन होई व पुढच्या पाळीत तिथूनच सुरू होई. ही सोय श्रीमती कडू यांनी अर्जदाराशेजारी बसून, समोरचा चहा गार होऊ देऊन, लिहिली होती.

२. 'एकाही शोधनिबंधावर नाव नाही' या कारणास्तव त्यांचे पद रद्द झाले. पुढे यंत्राची प्रणाली बदलली. नव्या प्रणालीला जुने जतन केलेले वाचता येत नाही, त्यामुळे गणित दर पाळीस पहिल्या भरतीपासून सुरू होते व तीन दिवसांत पुरे होत नाही. अर्जदाराने स्वतः दुरुस्ती करून पाहिली, तर होते तेही बिघडले. आता राग येत नाही. पाळी संपली की अर्जदार काम पुन्हा रांगेत लावतो आणि जेवायला बसतो.

३. अर्जदार निडी गावच्या कीर्तनात टाळ धरतो. बुवा अभंग सोडून दृष्टांतात शिरले, की मागचे टाळकरी धृपद मनात धरून उभे असतात; बुवा परतले की तिथूनच उचलतात. दृष्टांत संपला म्हणून कोणी कीर्तन पुन्हा नमनापासून लावत नाही. विमलबाई मागे उभ्या होत्या, एवढेच म्हणणे आहे.

४. दरम्यान, यंत्राचा सर्वाधिक वापर केल्याबद्दल केंद्राने अर्जदारास प्रशस्तिपत्र दिले. तो वापर म्हणजे हीच पहिली भरती होय.

५. खाडीकाठच्या वाडीतील ठमी वाघमारे यांना घरकुल मंजूर आहे. जोते किती उंच घ्यावे, हे या गणितावरून सांगण्याचे अर्जदाराने कबूल केले होते. तोवर त्या ताडपत्रीखाली राहतात. भेटल्या की विचारतात, "सर, पानी कुठवर आला तुमचा?" परवा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मी कमरेएवढा घेते. तुमचा यंत्र आमच्या जावयासारखा हाय, निघतो निघतो म्हनतो नि उंबऱ्यातच बसतो." बाया हसल्या. अर्जदारही हसला. कमरेएवढे पुरेल की नाही, हे अर्जदारास ठाऊक नाही.

६. श्रीमती कडू हल्ली धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर आहेत. अर्जदार गेटवर भेटला असता म्हणाल्या, "अहो, एका दुपारचं काम आहे. सुट्टीला येते. पण मला आत सोडतील का?" आपल्या स्वागतकक्षाने त्या 'बाहेरील व्यक्ती' असल्याचे कळविले. आतील व्यक्ती कोण, असे विचारता ते पद रिक्त नसून रद्द असल्याचे उत्तर मिळाले.

सबब, त्यांना एका दुपारी आत सोडावे. मानधन नको म्हणतात. चहा अर्जदार आणील, आणि या खेपेस गार होऊ देणार नाही.

उत्तर येईपर्यंत काम रांगेत आहे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून,
नम्र अर्जदार
महिपती सखा घरत
रोहा, दि. १८ मार्च २०२४

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, साभार परत.
२) ठमीबाईंच्या जोत्याचा फोटो. (फोटो काढल्यानंतर आणखी एक थर चढला आहे.)