पाळण्यावर टांगलेला माईक

आक्का,

पिंगळीहून तुझ्या धाकट्या बहिणीचा, रोहिणीचा, तुला जय भीम. दाजींनाबी सांग. तुझी कंबर कशी हाय? गरम पाण्यानं शेकायलीस का नुसतं शेकते शेकते म्हणायलीस? आमी सगळे खुशाल हाव. फोन न करता चिठ्ठी पाठवली म्हणून घाबरू नको. माझा फोन आमच्या ह्यांनी रेकॉर्डिंगसाठी घरात आढ्याला सुतळीनं टांगलाय, आन् मधीच वाजू नये म्हणून विमानाचं बटण दाबून ठेवलंय. (मी अजून विमान जवळून बघितलं न्हाई, माझा फोन मातर रोज विमानात असतो.)

त्याचं असं झालं. ह्यांच्या गायन पार्टीचं गाणं परभणीला रेकॉर्ड केलं, तर त्यात ह्यांची ढोलकी रिकामं डबडं बडवल्यासारखी आली. हे दोन दिवस जेवले न्हाईत धड. मग म्हणाले, माणसाम्होरं वाजती तशीच ढोलकी घरी रेकॉर्ड करून दावतो. पार्टीत गाणारे पप्पू भाऊजी माईक घेऊन आले. आधी माईक पार चामड्याला टेकवला, तर नुसतं दार ठोठावल्यावानी आलं. मग एक बारीक तोंडाला, एक मोठ्या तोंडाला, आन् एक लांब, असं केलं, तर ढोलकी रांजणात पडल्यासारखी पोकळ. भाऊजी म्हणाले, "एका माईकला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला उशिरा. मग दोघं एकमेकाला खात्यात." मी म्हणलं, "सासूसुनेवानी." (सासूबाई तिथंच चुलीपाशी होत्या. ते मला नंतर दिसलं.) पत्रे घुमत्यात म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतीला आन् दाराला टांगल्या. सासूबाई आता लुगडं पांघरून झोपायल्यात. कुकर लावायचा न्हाई, खोकायचं न्हाई, आन् रेल्वे आली की सगळ्यांनी ती जाईस्तोवर गप बसायचं. आमच्या पिंगळीत रेल्वे किती येत्यात तुला ठावं हाय, त्यामुळं आमी निम्मा दिवस गपच असताव.

हसायले मी, पण आक्का, एक काळजी हाय. एवढी ढोलकी वाजायली आन् आपला सुमेध पाळण्यात ढिम्म झोपतो. शेजारची शेळी बिचकती, हा बिचकत न्हाई. मी मुद्दाम त्याच्यामागं ताट पाडलं, तरी डोळा उघडला न्हाई. जागा असला की माझ्याकडं बघून हसतो, पण तोंड बघून हसतो का आवाज ऐकून, ते कसं कळावं? सासूबाई म्हणाल्या, "ढोलकीवाल्याचं लेकरू हाय, पोटात असल्यापासून ऐकतंय, त्याला काय नवाल?" ह्यांना तर मी बोललेच न्हाई. ढोलकी वाजवणाऱ्याला कसं सांगू, की तुमच्या लेकराला तुमची ढोलकी ऐकू येत नसंल म्हणून?

मग काल भाऊजी ह्यांना म्हणाले, "सगळे माईक काढ सिद्धोधन. माणूस जिथं बसून ऐकतो, तिथं एकच लाव." आता घरात ऐकणारं कोण हाय? मी आन् सासूबाई कंटाळून अंगणात. राहिला सुमेध. माईक पाळण्यावर टांगला. आन् आक्का, काय ढोलकी आली! म्होरं बसून ऐकतोय असंच वाटलं. पण प्रत्येक मोठ्या थापेमागं बारीक 'छुन' यायलं. ह्यांनी माझ्या बांगड्या काढायला लावल्या, सासूबाईच्या जोडव्यांकडं संशयानं बघितलं, शेळीला पार गल्लीच्या तोंडाला बांधून आले. तरी छुन. शेवटी मी पाळण्यात वाकून बघितलं. ह्यांनी थाप मारली की सुमेध झोपेतच पाय झाडायचा, आन् पायातलं वाळं वाजायचं. थाप थांबली की पाय थांबला. मी ह्यांना बोलवून दावलं. हे म्हणाले, "काढ ते वाळं, रेकॉर्डिंग नासायलंय." मी म्हणलं, "हात तर लावून बघा." असं मी लगीन झाल्यापासून ह्यांना बोलले न्हाई. भाऊजी म्हणाले, "राहू दे की, ताल तर धरायलाय लेकरू."

आता काळजी मिटली. तू बी करू नको.

तुझी
रोहिणी

ता.क. मिटली म्हणलं खरं, पण आज डोक्यात आलं, ढोलकीच्या दणक्यानं पाळण्याची दोरीबी हादरती. लेकराला आवाज आला का नुसता हादरा, कुणी सांगावं? सोमवारी परभणीला डॉक्टरकडं कान दावायला न्यायचंय. तू ये. एकटीचं माझं पाऊल उचलत न्हाई. ह्यांना सांग, ढोलकी ऐकायला आले. (मग तुला ऐकावी लागंल, तेवढं सोस.)

पुन्हा ता.क. चिठ्ठी घडी करायले तोच बघ काय झालं. सुमेध माझ्या मांडीवर जागा होता. गोधडीपल्याड दारात सासूबाई शेजारच्या कमलबाईला हळूच सांगायल्या, "आमच्या सुनेच्या भाकरीला पापुद्राच न्हाई." तर ह्यानं मान वळवून तिकडं बघितलं! आक्का, माझी नालस्ती ऐकून मला एवढा आनंद कधी झाला न्हाई. मनात म्हणलं, बोला सासूबाई, कालवणालाबी नावं ठेवा. त्यांनी ठेवली. ह्यानं परत बघितलं.

तरी सोमवारी ये.