बारा तारखेची प्रत

इलोइलो, २९ जुलै

तीर्थरूप आन्सेल्मो मनोंग यांस धाकट्या बहिणीचा, पेर्लिताचा शि. सा. नमस्कार.

नानायच्या, आपल्या आईच्या, वर्षाच्या प्रार्थनेला आलास तेव्हा दुरुस्त केलेलं छप्पर पुन्हा गळतंय. मनोंग म्हणवणारा थोरला भाऊ साखर कारखान्यात साहेब असल्याचा उपयोग एवढाच. एक काम मात्र चोख केलंस. माझ्या ब्रेल यंत्रातलं सगळं बारा तारखेला तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंस. गेल्या पुरात आमच्या शाळेतल्या लुर्देसबाईंचं यंत्र भिजलं आणि आठ वर्षांची टिपणं गेली. माझ्या यंत्रात तर धडे, नानायच्या पाककृती, रोजनिशी, सगळंच आहे. पासवर्ड घाल म्हणालास तेव्हा मी हसले होते. आपल्या घरात ठिपके वाचतं कोण? मला वेगळं कुलूप कशाला?

एक सांगायचं राहिलं होतं. हारोच्या चर्चमागे मालीश करणारा तेओफिलो, माझ्यासारखाच जन्मांध, त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. एकवीस तारखेच्या रविवारी मी उत्तर देणार होते. तो आलाच नाही, फोनही उचलत नाही. उत्तर तयार होतं माझं. काय होतं ते विचारू नकोस, रडू येतं.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी पेर्लिता

बाकोलोद, ३ ऑगस्ट

चि. पेर्लिता, माझी लाडकी इंदाय, हिस अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. ही मालीशवाली माणसं आज इथे, उद्या दावाओला. त्याने आपणहून पाय मागे घेतला, देवानेच वाचवलं समज. शिवाय मूल रांगत रस्त्यावर गेलं तर तुम्हा दोघांत दिसणार कुणाला, ही धास्ती तुझ्याही मनात होतीच की.

वहिनीने सुके मासे पाठवलेत. तळून खा, व्हिनेगर जास्त घेऊ नकोस, तुला पित्त होतं. पुढच्या महिन्यात येऊन छप्पर बघतो. तब्येतीला जप, भावावरचा विश्वास कमी करू नकोस.
तुझा मनोंग

इलोइलो, ८ ऑगस्ट

ती. मनोंगला नमस्कार.

मासे पोचले. यंत्रावर आलेल्या तुझ्या पत्रात मूल रांगत रस्त्यावर जाण्याची ओळ आहे, तिच्यावरून मी तीनदा बोट फिरवलं. ती ओळ माझी आहे. ती मी कुणाजवळ बोलले नाही, पाद्रींपुढे कबुली देतानासुद्धा नाही. फक्त रोजनिशीत लिहिली होती.

ठिपके बोटांखालीच असतात, कॉम्प्युटरवर त्यांची साधी अक्षरं होतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मुलांचे धडे मी तसेच छापून घेते. पण रोजनिशीचीही तशीच अक्षरं होतील, हे कधी मनातच आलं नाही. स्वतःला फार शहाणी समजत होते.

तशीच उठून तेओकडे गेले. तो सामान बांधत होता. वीस जुलैला तू येऊन गेलास म्हणे. ते पान त्याला वाचून दाखवलंस, आणि मला तोंडावर नाही म्हणणं जड जातंय म्हणून मी तुला पाठवलं, असं सांगितलंस. हे खरं का, एवढंच कळव.
पेर्लिता

बाकोलोद, १२ ऑगस्ट

चि. इंदाय हिस आशीर्वाद.

खरं आहे. मी मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो. नानायच्या आदोबोची कृती शोधताना ते पान उघडलं. एकदा वाचल्यावर गप्प कसा बसू? नानायने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. पदरचा एक शब्द घातला नाही, तुझंच लिहिलेलं वाचलं. खोटं बोललो ते इतकंच, की तू पाठवलंस. तुझ्या भल्यासाठी ते पाप मी डोक्यावर घेतलं.

रागव हवी तेवढी. पण प्रत पुसून टाक म्हणू नकोस. ती मी नीट जपून ठेवली आहे. उद्या पूर आला तर मलाच दुवा देशील.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
मनोंग

इलोइलो, १७ ऑगस्ट

आन्सेल्मो मनोंग,

काल यंत्राला पासवर्ड घातला. तेओ सोमवारी दावाओला गेला. त्याआधी मी त्याला माझं उत्तर सांगितलं. तो म्हणाला, एकटीने बसून लिहिलंस ते खरं, आता तोंडाने बोलतेस ती दया. मी यंत्र उघडून त्याच्यापुढे धरलं, पुढचं पान वाच म्हटलं. त्याने हात पुढे केला नाही. हे पान काल रात्री लिहिलं नसशील कशावरून, असं त्याने विचारलं. मी यंत्र मिटून घरी आले.

प्रत पुसू नकोस. पण ती जुलैच्या बारा तारखेची आहे, आणि माझी रोजनिशी तिथे संपत नाही. चौदा तारखेला चर्चमधून आल्यावर मी लिहिलं होतं, की मुलाच्या पायात छोटी घंटी बांधू, म्हणजे कुठे रांगतंय ते आम्हा दोघांनाही ऐकू येईल. रविवारी तेओला हो म्हणायचं.

एवढं तुझ्याकडे नव्हतं. उतरवून घे, म्हणजे प्रत पूर्ण होईल. पत्राच्या शेवटी मायेचं काही लिहायची सवय आपल्याला नानायने लावली. या वेळी मी ती जागा मुद्दाम रिकामी सोडते.

पेर्लिता