सपाट रेष

१९ फेब्रुवारी

दादा,

मी ठीक आहे, तूही असशील. आईचे डोळ्यांचे थेंब मी पाठवलेत, पोचले की कळव. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

"माझ्या बायकोला परत पाठव आणि लॅबमधली अक्कल लॅबमध्येच ठेव," असं तू म्हणालास. वहिनी परत येणार नाही. कारण सांगते.

तिला अंधूक उजेडात दिसत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला धडकली की तू विचारायचास, "डोळे काय कपाटात ठेवलेस?" मग रक्तात जीवनसत्त्व अ कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा जागचा हलला नव्हता. तेव्हापासून तू रोज सकाळी गोळीनंतर तिला जीभ वर करायला लावून तोंडात टॉर्च मारायला लागलास.

गेल्या मंगळवारी पोटाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चाचणी मी स्वतः केली. उपाशीपोटी रक्ताचा एक नमुना, मग मोजून दिलेला तेलातला डोस, मग तीन आणि पाच तासांनी पुन्हा रक्त. आतडं शोषत असेल तर आकडा कित्येक पट चढतो. सगळा वेळ मी तिच्यासमोरून उठले नाही.

डोस गिळल्यावर तिने तोंड उघडलं आणि जीभ वर केली. मी सांगितलं नव्हतं.

"अगं, मिट ते."

"सवय झाली," ती म्हणाली. "तू टॉर्च नाही आणलास?"

पाच तासांनंतरही आलेखाची रेष सपाट. तिने प्रत्येक गोळी गिळली होती, दादा. शरीर ती घेतच नव्हतं.

रिपोर्ट वाचून तिने तो माझ्यासमोर ठेवला. एरवी मला चिमणे म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर शिकलेल्या. तुम्ही कशावरून ठरवलंत?"

दुसऱ्या तपासणीचा आकडा आला त्या रात्रीचं जेवण तुला आठवत असेल. तू मला विचारलंस, आकडा का वाढत नाही? मी ताटातून मान वर न करता म्हणाले, "घेत नसेल गोळ्या." एका नमुन्यावरून रक्तात किती आहे ते कळतं, का कमी आहे ते कळत नाही. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्याच आठवड्यात घोकून घेते. घरी मात्र तुला हवं ते उत्तर देणं सोपं होतं. टॉर्च तुझा, पण तो तुझ्या हातात मी दिला.

तू तिच्या वडिलांना "मुलगी खोटारडी आहे" असं कळवलंस. त्यांना मी रिपोर्टची प्रत पाठवली आहे. सोबत, पहिला निष्कर्ष माझा होता आणि तो चुकीचा होता, असं सहीनिशी लिहिलंय. आता तू घराच्या अब्रूच्या नावाने ओरडशील. ओरड. आई म्हणते, नमतं घे. नाही घेणार.

सोमवारी तिच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आहे. ती माझ्याकडेच राहील. तिने मला माफ केलेलं नाही, तरी राहते आहे. तू न्यायला येऊ नकोस. भेटायचं असेल तर आधी तिला विचार. ती नाही म्हणाली आणि तरी आलास, तर दारात मी उभी असेन.

तुझ्या बाजूने पुन्हा न बोलणारी,
तुझी बहीण