पाचवी गाठ

आबा,

मी तेलगावला परीक्षेला चाललेय. तुमचा डोळा लागला व्हता म्हणून उठवलं न्हाई. होडीवरचं पाण्याची खोली दाखवायचं मशीन आज काढून दुकानात परत नेऊ नका. ते बिघडलेलं न्हाई, उगं त्याच्यावर डाफरू नका.

काल तुमी बाजाराला गेलता तवा मी धरणावर गेलते. होडीच्या बुडाच्या सेन्सरवर शेवाळ बसलं व्हतं, ते फडक्यानं पुसलं. मीटर-फुटाची सेटिंगबी बघितली, बरोबर हाय. तरी मशीन तीस फूटच दाखवत व्हतं, अन् तुमची गाठींची रस्सी सोडली तर पाचव्या गाठीला तळ लागत व्हता. दोन गाठींमधी एक वाव, म्हंजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर; तुमी ते साडेपाच फूट धरता, म्हणून तुमच्या हिशोबानं साडेसत्तावीसच भरतात.

मग मी दोन गाठींच्या मधी हात पसरून बघितले. पुरले न्हाईत. टेप लावला तर सहा फूट भरले.

जुनी रस्सी कुजली तवा ही नवी तानाजीदादानं हात पसरून मोजली व्हती, आठवतंय का? आपल्या घरात त्याचेच हात लांब. तो गेल्यापासून तुमी त्याचं नाव काढत न्हाई, म्हणून राती जेवताना सांगायचं धाडस झालं न्हाई.

त्या गाठी सोडू नका. होडीसाठी तुमच्या हातानं दुसरी रस्सी मोजा. ही मी घरी आणलीय, दाराच्या मागं त्याच्या शर्टावर टांगलीय. आईनं विचारलं तर तुमीच सांगा. मला जमलं न्हाई.

संस्कृती