हाकेला ओ

साक्री, २२ जुलै २०२५

चि. ऋतिकास कुंदनभाऊचे आशीर्वाद. मी खुशाल. मोबाईल पांझरा नदीत गेला म्हणून पत्र. हसू नको, माझं अक्षर पहिल्यापासून बकऱ्यांनी चरल्यासारखं आहे.

निघालो होतो सुरतला. बसमध्ये पुनाबाबा भेटले नि इथंच उतरलो. ते काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करतात, काडीवरून बोटं ओढतात आणि मेलेल्या माणसाची वाट गातात. सूर असा घुमतो की आपण कुठे बसलोय तेच कळेनासं होतं. शिवाय इथली भगर... अगं, मुद्द्याचं राहिलंच. कानबाईच्या सणाला मी येतोय. केळीची बाग टाकून भटकायला लागल्यापासून आई माझं नाव घेत नाही. पण कानबाईचं वारं अंगात आलं की घरातल्या सगळ्यांना हाका मारते, त्यात मीही असतो. वर्षातून तेवढंच. आबांचे हात थरथरतात, म्हणून डफ मीच वाजवीन. उन्हात ठेव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा कुंदनभाऊ

वरणगाव, ६ ऑगस्ट २०२५

ती. कुंदनभाऊस ऋतिकाचा सा. न. वि. वि.

रविवारी हितेंद्रकाका भुसावळ स्टँडवर चकरा मारून दमले. डफ शेवटी मीच घेतला. आबा मांडीवर बोटं आपटून ताल सांगत होते. आईला वारं आलं. एकेकाला हाक मारली, ज्याने त्याने ओ दिली, कपाळाला हळद लावून घेतली. मग तुझं नाव आलं. ओ आल्याशिवाय ती पुढचं नाव घेत नाही, तुला माहीत आहे. कुंदन, कुठी गेला रे, म्हणतच राहिली. माझे हात भरून आले, पण ताल सोडता येईना. शेवटी तुझ्या जागी मीच ओ दिली. तिने हळदीचं बोट पुढे केलं, मला पाहिलं, आणि बोट पदराला पुसलं. वारं तिथंच उतरलं.

विसर्जनाहून आल्यावर कामिनीकाकूला म्हणाली की पुढच्या साली वारं घ्यायला पाटावर तू बस, माझं शरीर सोसत नाही. आता तिच्या तोंडी तुझं नाव कसं येणार, भाऊ?

कानबाईच्या प्रसादाचा रोट घराबाहेर देत नाहीत, म्हणून पाठवला नाही. रागावले आहे, पण तुझीच.
ऋतिका

साक्री, १३ ऑगस्ट २०२५

चि. ऋतिका, आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी घे.

एका म्हाताऱ्याच्या दिवसकार्याला पुनाबाबांमागे झील धरायला बसलो होतो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. डोकं रिकामं होत गेलं, मी कोण, कुणाचा, काही उरलं नाही. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. पुरा भानावर आलो तेव्हा बायका सोमवारच्या बाजाराला निघाल्या होत्या. पुनाबाबा म्हणाले, असं गुंगलेलं पोर पाहिलं नाही. मला माझंच कौतुक वाटलं बघ, आणि त्याच वेळी तिकडे कानबाई पाण्यात चालली होती.

पत्र आधी पोचावं म्हणून सोमवारी निघतो. धुळ्याला बस बदलताना कुणीही भेटलं तरी थांबणार नाही. आई बोलणार नाही, ठाऊक आहे. तू डफ काढू नको, तिला आधी सांगूही नको. मी ओट्याखाली उभा राहून नुसती ओ देईन. हाक तिनेच मारली होती.

तेवढं दार लोटू देऊ नको.
तुझा भाऊ